खोली म्हणायचं, घर नाही

आमची बिल्डिंग रिकामी करायची ठरली तेव्हा मी आधी सामानाच्या याद्या केल्या. काय बरोबर न्यायचं, काय दिरांकडे ठेवायचं, काय भंगारात द्यायचं. याद्या करणं हा माझा स्वभाव आहे आणि ठाण्याच्या ऑफिसात माझं कामही तेच आहे, त्यामुळे त्या दिवसांत मला रडायला फारसा वेळ मिळाला नाही. रडू यायला लागलं ते नंतर, लोक आम्हाला काय काय म्हणतात हे कानावर पडायला लागल्यावर.

डोंबिवली पश्चिमेला आमची जुनी चार मजली बिल्डिंग. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा तुकडा पडला. कुणाला लागलं नाही, पण तपासणी झाली, भिंतीवर नोटीस लागली आणि आम्ही ‘अतिधोकादायक’ झालो. म्हणजे झाली बिल्डिंग, पण पोस्टमनपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे म्हणायचे, “ते अतिधोकादायकवाले ना?” जणू आम्हीच कुणाच्या अंगावर पडणार होतो.

पहिले काही दिवस आम्हाला जवळच्या शाळेत ठेवलं होतं. तिथे एका मंडळाचे कार्यकर्ते चहा-बिस्किटं घेऊन यायचे. त्यातला एक जण फोनवर मोठ्याने म्हणाला, “अजून दोन थर्मास पाठव रे, बेघर लोक बरेच आहेत.” माझ्या सासूबाई पहिलीच्या बाकावर कशाबशा मावून बसल्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि मला विचारलं, “बेघर लोक कुठे बसवलेत गं? त्यांना आधी द्या म्हणावं चहा.”

मी खरं काय ते सांगणार होते. पण आमच्या समोरच्या दारातली, म्हणजे बिल्डिंगमध्ये आमच्या समोर राहणारी, जी माझ्यापेक्षा थोडी लहान आहे आणि जिचा आवाज माझ्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे, ती पटकन म्हणाली, “ते पलीकडच्या वर्गात आहेत, आई. तुम्ही घ्या. तुमचा चहा गार होतोय.”

सासूबाईंनी चहा घेतला. आदल्या दिवसापासून त्यांनी काही घेतलं नव्हतं. मी दहा वेळा समजावून सांगितलं होतं, घेतला नव्हता. आणि हिने एक थाप मारली आणि कप रिकामा झाला. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. इतकी वर्षं ती सासूबाईंना ‘काकू’ म्हणायची. त्या दिवशी शाळेत ती ‘आई’ म्हणाली, आणि तेव्हापासून तेच चालू राहिलं. ‘आई’ मी म्हणते त्यांना. मला वीस वर्षांच्या वर लागली होती तो शब्द नीट जिभेवर यायला.

मग आम्हाला शहाडच्या पुढे एका सात मजली इमारतीत खोल्या मिळाल्या. नवी बिल्डिंग उभी राहीपर्यंत तिथेच राहायचं. तिकडे आमची आणखी नावं झाली. कागदावर आम्ही ‘बाधित’. बिल्डरच्या ऑफिसातला माणूस आम्हाला ‘ट्रान्झिटवाले’ म्हणायचा. रस्त्यापलीकडच्या टॉवरमधल्या बायका ‘कॅम्पातल्या’ म्हणायच्या, आणि तेही आपल्या कामवालीला सांगताना, की त्यांच्याकडे काम धरू नकोस, त्या कधीही उठून जातील. नातेवाईक शब्द वापरत नसत, ते प्रश्न बदलत. पूर्वी विचारायचे, “कुठे राहता?” आता विचारायला लागले, “सध्या कुठे असता?”

खोल्यांचं वाटप माझ्याकडे होतं, कारण आमच्या रहिवाशांच्या सगळ्याच गोष्टी माझ्याकडे असतात. मी जुन्या बिल्डिंगच्याच क्रमाने खोल्या लावून घेतल्या, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ होणार नाही. त्यामुळे इथेही समोरची आमच्या समोरच आली. मीच आणली.

आता तो नियम. तो मी केला आणि आजही मला तो चुकीचा वाटत नाही. झालं असं, की खोल्यांत सामान टाकलं त्याच संध्याकाळी बिल्डरच्या माणसाबरोबर आमची बैठक होती. काम सुरू कधी होणार, असं आम्ही विचारत होतो. आमच्यातल्याच एका काकांनी बोलता बोलता म्हटलं, “आमच्या घरात पाणी कमी दाबाने येतं, त्याचंही बघा.” तो माणूस हसून म्हणाला, “म्हणजे घर मिळालंय ना काका? मग घाई कसली? पाण्याचं बघू आपण.” सगळे हसले. मी हसले नाही. त्या रात्री नाही, तिथेच पायऱ्या उतरताना मी सगळ्यांना सांगितलं: आजपासून कुणीही ह्या जागेला घर म्हणायचं नाही. खोली म्हणायचं. फार तर संक्रमणातली खोली. आपलं घर डोंबिवलीला आहे, ते पाडलंय, ते परत बांधून द्यायचंय. आपणच इथे घर घर म्हणायला लागलो, तर उद्या ते म्हणतील की ह्यांचं झालं सगळं.

लोकांनी ऐकलं. इतकं ऐकलं, की कधी कधी माझं मलाच हसू यायचं. जिन्यात पोरं एकमेकांना “चल, खोलीवर जाऊ” म्हणायची. कुणाच्या तोंडून चुकून “घरी ये” निघालं, तर दुसरा लगेच, “शूऽऽ, ताई ऐकतील!” कुणी दाराला तोरण लावलं नाही. कुणी नावाची पाटी लावली नाही. पाटी लावली म्हणजे राहिलो म्हणायचं, नाही का. आणि एक दार सोडलं तर कुणी दूध उतू घातलं नाही.

ते दूध महत्त्वाचं आहे. आमच्याकडे, आणि मला वाटतं सगळ्यांकडेच, नव्या घरात पाऊल टाकलं की आधी गॅस पेटवून दूध ठेवायचं आणि ते उतू जाऊ द्यायचं. मग देव बसवायचे. मग बाकीचं. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गॅस जोडला, तसं सासूबाईंनी पातेलं काढलं. मी ते त्यांच्या हातातून घेतलं.

“आई, इथे नको. दूध आपल्या घरात घालू उतू. नव्या बिल्डिंगमध्ये.”

“आणि तोवर?”

“तोवर साधं तापवू.”

“देव?”

देव स्टीलच्या डब्यात तांदळात होते. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, पिंड आणि टाक. हलवताना मीच मऊ फडक्यात गुंडाळून, डब्यावर चिठ्ठी लावून, व्यवस्थित ठेवले होते. मी म्हटलं, “डब्यातच राहू देत सध्या. रोज झाकण उघडून हळदकुंकू वाहू.”

सासूबाईंनी डब्यावरची माझी चिठ्ठी वाचली. मग म्हणाल्या, “उतू घातलं तर काय होईल?”

“मग हे घर झालं, आई. आणि हे घर झालं की तिकडचं गेलं.”

“बघ म्हणजे,” त्या म्हणाल्या, “पूजेला बसायला तुला वेळ नसतो, आणि दुधावर विश्वास माझ्यापेक्षा तुझाच जास्त.”

मी डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आणि ऑफिसला गेले.

संध्याकाळी आले तर फळी रिकामी. समोरच्या दारातून घंटीचा आवाज येत होता. समोरचीने सकाळीच आपल्या खोलीत दूध उतू घातलं होतं, तिला नियमबियम माहीतच नसल्यासारखं. भिंतीला देव्हारा ठोकून घेतला होता. आणि तिच्या देवांच्या शेजारी, पाटावर, माझ्या सासरचे देव बसले होते. सासूबाई मांडी घालून समोर. समोरची मला बघून म्हणाली, “या ना ताई, आत या. अहो, देव डब्यात घुसमटत होते म्हणे. म्हटलं, आई, आपल्या घरी आणा. एवढी काय जागा लागते त्यांना!”

आपल्या घरी. दार उघडं ठेवून, जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

ह्यांना सांगितलं, तर ह्यांचं एकच, “अगं, तीन पावलांवर तर आहेत. आईचाही वेळ जातो.” आमचे हे कुठल्याही भांडणात वर्तमानपत्राच्या मागे जाऊन राहतात. ते त्यांचं कायमचं घर.

मग रोजचंच झालं. सासूबाई आंघोळ करून समोर जायच्या, पूजा करायच्या, तिथेच चहा घ्यायच्या. मग चहाचं जेवण झालं. मी सकाळी डबे करून, त्यांचं ताट झाकून ठेवून निघायचे आणि संध्याकाळी ते ताट तसंच झाकलेलं असायचं. “तिने आमटी केली होती गं, आग्रह केला.” मी आमटी करत नाही असं नाही. मला आग्रह करता येत नाही. मी विचारते, “अजून हवंय का?” आणि समोरच्याने नको म्हटलं की मला ते खरंच वाटतं.

मत्सर वाटला तर तो कुठल्या एका गोष्टीचा असावा, म्हणजे सरळ मांडता येतो. माझा तसा नव्हता. ती बोलायची कशी, ह्याचाच मला मत्सर वाटायचा. एक उदाहरण सांगते. ठाण्याला ओळखीतल्या एका लग्नाला आम्ही दोघी एकाच रिक्षाने गेलो. हॉलमध्ये डोंबिवलीची एक जुनी ओळखीची बाई भेटली. मला म्हणाली, “काय गं, सध्या कुठे असता?”

मी जे आहे ते सांगितलं. “बिल्डिंग अतिधोकादायक निघाली. रिकामी केली, पाडली. आता शहाडला संक्रमणात आहोत.”

“अरे देवा!” तिने माझा हातच धरला. “ह्या वयात हे असं. आणि सासूबाई? बाई गं... जेव हां पोटभर. लाजू नकोस.”

तेवढ्यात समोरची आली. तिलाही तोच प्रश्न. तर ही म्हणते, “अहो, आमचं रिडेव्हलपमेंटला दिलंय ना! टॉवर येतोय. तोवर शहाडला. नदी जवळच, संध्याकाळी हवा काय सुटते म्हणून सांगू!”

“वा! नशीब काढलंत बाई,” ती बाई म्हणाली. “आमची सोसायटी नुसती मीटिंगाच घेते.”

एकच बिल्डिंग. एकच नोटीस. गॅलरी पडली ती तर हिच्याच बेडरूमच्या खिडकीखाली. आणि मी तिथे हातात ताट घेऊन अशी उभी, की मला कुणी गुलाबजाम एकाऐवजी तीन वाढावेत. खरंच वाढले. तिलाही तीन वाढले, पण तिचे अभिनंदनाचे होते.

येताना रिक्षात मी तिला म्हटलं, “तू रिडेव्हलपमेंटला दिलंय म्हणतेस, पण दिलं कुठे? आपल्याला काढलं.”

“हो ना,” ती म्हणाली. “पण ताई, रोज सकाळी उठून स्वतःला काढलं काढलं म्हणत बसू का मी?”

“जे झालं ते म्हणायला हवं.”

“तुम्ही म्हणा ना. तुम्ही म्हणता म्हणूनच तर आमची कामं होतात. मी नुसती गप्पा मारते.” आणि वर माझ्या खांद्यावर हात ठेवून हसली. तिच्यावर नीट रागावताही येत नाही, हे तिचं आणखी एक.

शहाड स्टेशनच्या बाजूला पुलाखाली एक बाई बसते. गवती चहा, आलं, लिंबं विकते. तिथेच तिची चूल आहे, दोरीवर कपडे असतात, ताडपत्रीचा आडोसा आहे. टॉवरमधल्या बायका तिला ‘ती पुलाखालची भिकारीण’ म्हणतात, लिंबं तिच्याचकडून घेतात तरी. आमच्यातल्या काहीजणीही म्हणतात. आम्हाला कॅम्पातल्या म्हटलं की राग येतो, आणि लगेच पुढच्या वाक्यात आम्ही तिला भिकारीण म्हणतो. मी ते बंद करायला सांगितलं. तेही थोडंफार ऐकलं गेलं. एक दिवस मी तिच्याकडे पुदिना मागितला. तिच्याकडे नव्हता. म्हणाली, “संध्याकाळी या ताई, आणून ठेवते. कधीपण या, मी घरीच असते.”

ती ते इतकं सहज म्हणाली. हाताने मागे ताडपत्रीकडे दाखवलंसुद्धा नाही. मी पुढे चालत गेले आणि माझ्या लक्षात आलं, की मला हिचाही मत्सर वाटतोय. ती म्हणते, समोरची म्हणते. सगळ्या जगाला तो शब्द फुकट वापरता येतो, आणि मी मात्र तो सांभाळून ठेवलाय, डब्यात, तांदळात.

पण म्हणून मी नियम मोडला नाही. मला काही उपदेश घ्यायचा नव्हता पुदिन्यातून. बिल्डरचा तो माणूस आणि त्याचं ते हसणं अजून माझ्या डोळ्यांसमोर होतं.

मग समोरची जायची ठरली. तिच्या मुलाने दिवा स्टेशनाजवळ फ्लॅट घेतला. तिथे पाण्याची बोंब आहे, टँकर येतो, जिने अरुंद आहेत, हे सगळं मला माहीत होतं. तरी तिच्या हातात किल्ली होती. आमच्या नव्या बिल्डिंगचा अजून पायासुद्धा खणलेला नव्हता. ती किल्ली दाखवायला आधी आमच्याकडे आली, आणि किल्ली तिने दिली सासूबाईंच्या हातात. “तुमचा आशीर्वाद, आई.” मी स्वयंपाकघरातून अभिनंदन म्हटलं. माझा आवाज मलाच ऑफिसातल्यासारखा वाटला.

ती गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मीपण जाते तिच्याबरोबर.”

“कुठे?”

“दिव्याला. देवांना घेऊन. देव एकदा बसले ते परत डब्यात जायचे नाहीत. तिच्याकडे नवा देव्हारा करतायत. ती म्हणाली, चला.”

“किती दिवस?”

“ते काय सांगू? तुमची बिल्डिंग होईपर्यंत.”

तुमची. मी हातातला कुकर खाली ठेवला. “आई, तुम्ही आमच्याकडे राहता.”

“राहते कुठे? तूच म्हणतेस ना, इथे कुणी राहत नाही. सध्या असतो आपण.” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी पिशवीत दोन लुगडी घातलीसुद्धा होती. “माझं वय बघ. तुझी बिल्डिंग होईल तेव्हा मी असेन का नसेन. तोवर देवांनी आणि मी डब्यात बसायचं का? तिच्याकडे निदान म्हणते तरी ती, की घरी या.”

हे आले, त्यांना सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, ह्यावरून प्रकरण किती पुढे गेलंय ते मला कळलं. “आईला तू थांबव बाबा,” ते म्हणाले. “माझं ती ऐकायची नाही.”

म्हणजे माझं ऐकते अशी ह्यांची समजूत. मी त्या शनिवारी दिवसभर कपाटं आवरली. सासूबाई दिव्याला गेल्या तर काय काय होईल, ते मनात मांडून बघितलं. औषधं कोण देणार, डॉक्टर कल्याणचे, पाणी नाही, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सगळी कारणं बरोबर होती, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. खरं एवढंच होतं, की माझी माणसं आणि माझे देव तिच्या टेंपोत बसून जाणार आणि लोक म्हणणार, सुनेने ठेवलं नाही, समोरचीने नेलं. आणि लोक म्हणोत न म्हणोत, मी म्हणणार.

रविवारी सकाळी तिचा टेंपो खाली लागला. सामान उतरत होतं. सासूबाई पिशवी घेऊन आमच्या दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या, देव आणायला समोर जायच्या तयारीत. मी म्हटलं, “आई, पाच मिनिटं थांबा.” आणि पातेलं काढलं.

त्यांनी पातेल्याकडे बघितलं. मग पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

मी गॅस पेटवला, हळदकुंकू वाहिलं, दूध ठेवलं. समोरची उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली, केसांवर धूळ, हातात झाडू. तिच्या मागे जिन्यातून आणखी दोघीतिघी डोकावायला लागल्या. कुणीतरी कुजबुजलं, “ताई स्वतः घालतायत?” मी सगळ्यांकडे पाठ करून दुधाकडे बघत उभी. साय धरली. कडेने बुडबुडे आले. दूध फुगून वर वर यायला लागलं, काठाला लागलं, आणि मी गॅस बंद केला.

मुद्दाम नाही. हाताने केला. लग्न झाल्यापासून रोज सकाळी दूध तापवतेय मी, आणि एकदाही उतू जाऊ दिलं नाही, हा माझा लौकिक आहे. दूध काठाला आलं की हात जातो.

“बंद केलंस!” सासूबाई ओरडल्या.

जिन्यात हशा पिकला. समोरची तर झाडू टेकवून हसायला लागली. “अहो ताई, तुमच्या हातून व्हायचं नाही हे! सरका, मी घालते.”

ती पुढे आलीसुद्धा. तिने घातलं असतं आणि दोन मिनिटांत झालं असतं. खालून टेंपोवाला हॉर्न मारत होता. पण ते दूध तिने उतू घातलं असतं, तर हे घरही तिचंच झालं असतं, असं मला त्या क्षणी अगदी स्पष्ट वाटलं. मी म्हटलं, “थांब तिथेच. उंबऱ्याच्या आत येऊ नकोस.”

शब्द कडक निघाले. ती थांबली. हसणंही थांबलं. मग ती हळूच म्हणाली, “बरं. पण हात मागे बांधा.”

मी गॅस परत पेटवला आणि खरंच हात मागे घेतले. सासूबाई उठून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. दूध परत फुगलं, माझी बोटं एकमेकांत आवळली गेली, आणि मग ते गेलं. पातेल्याच्या चारी बाजूंनी, बर्नरवर, ओट्यावर, खाली फरशीपर्यंत. फस्स झालं, गॅस विझला, जळक्या दुधाचा वास सुटला. मी सवयीने फडकं घेतलं. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. “पुसू नकोस इतक्यात. जाऊ दे ना जरा.”

मग त्या समोर गेल्या आणि पदरात देव घेऊन आल्या. मी फ्रीजवरचं सामान काढून जागा केली, पाट ठेवला. समोरचीने आपल्या देव्हाऱ्यातली समई आणून दिली. “राहू दे तुमच्याकडे. मुलगा तिकडे नवी घेणार आहे.” मला ती समई नको होती. माझ्याकडे माळ्यावर आमची होती, कुठल्या खोक्यात तेही मला माहीत होतं. पण सासूबाईंनी ती घेऊन वात लावलीसुद्धा. ती निघताना सासूबाई खूप रडल्या. मी टेंपोत तिच्या काचेच्या सामानाची खोकी नीट लागली आहेत का ते बघितलं. एक खोकं उलटं ठेवलं होतं. ते सरळ करून घेतलं.

त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर, मग वरच्या, मग खालच्या मजल्यावर जळक्या दुधाचा वास यायला लागला. रोज कुणीतरी उतू घालत होतं. दारांना तोरणं आली. एक काका पाटीसुद्धा घेऊन आले आणि मला विचारलं, “चालेल ना ताई?” मी म्हटलं, “लावा. पण बैठकीत खोलीच म्हणायचं.” ते म्हणाले, “हो हो, तिथे खोली.” अजूनही बैठकीत सगळे खोलीच म्हणतात, आणि पायाचं काम सुरू झालंय, त्यात माझ्या नियमाचा काही हात असेल असं मला वाटतं. तसं अजून कुणी म्हटलेलं नाही. मजल्यावर सगळे सांगतात, की दुधाचं काढलं ते समोरचीने. ती होती म्हणून. दोघीतिघींनी तिला दिव्याला फोन करून कळवलं. बर्नरवरचं जळकं दूध कशाने निघतं ते मी सगळ्यांना सांगितलं होतं, त्याबद्दल कुणी फोन केला नाही.

तिचा फोन सासूबाईंना दर दोन-तीन दिवसांनी येतो. परवा मी कांदा चिरत होते, सासूबाई देवांपुढे बसून फोनवर मोठ्याने बोलत होत्या. पलीकडून तिने विचारलं असणार, काय करताय, कुठे आहात. सासूबाई म्हणाल्या, “कुठे असणार? घरी आहे. आमच्या.”

माझा हात थांबला. मला वाटलं, हे ह्यांनी ऐकायला हवं होतं, आणि खरं तर तिनेही नीट ऐकायला हवं होतं. तेवढ्यात सासूबाई आवाज खाली आणून, पण मला ऐकू येईल इतपतच खाली आणून, पुढे म्हणाल्या, “सगळं व्यवस्थित आहे गं. फक्त चहा तुझ्यासारखा नाही होत इथे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहात आलं दुप्पट घातलं. पुलाखालून आणलेला गवती चहाही घातला. सासूबाईंनी कप दोन्ही हातांनी धरून सगळा प्यायला आणि ओट्यावर ठेवला. मी विचारलं, “अजून हवाय का?”

“नको,” त्या म्हणाल्या.

मी कप विसळायला उचलला. मग म्हटलं, “घ्या हो, अर्धा कप,” आणि ओतला.